महागडी पॉवर केबल घ्यायची का? आणि घेण्याआधी डोळे झाकून ऐकायची कशी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मला फोनवर विचारलेत, लग्नाच्या पंगतीत विचारलेत, एकदा तर दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी अडकली तेव्हा शेजारच्या स्कूटरवाल्या ओळखीच्यानं हेल्मेट काढून विचारलं, म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलं. मी ऑडिओवाला इंजिनिअर नाही. बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, गो-नो गो गेज (माप बरोबर की चूक एवढंच सांगणारं साधन) लावून जॉब, म्हणजे मशीनवर केलेला पार्ट, पास किंवा रिजेक्ट करणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि संध्याकाळी घरी गाणं ऐकणं हे व्यसन. एवढंच भांडवल आहे.

प्रश्न: पॉवर केबल म्हणजे नक्की कुठली? स्पीकरची का?

नाही नाही, स्पीकरची वेगळी. भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरच्या मागे जाते ती. एका टोकाला थ्री पिन टॉप, दुसऱ्या टोकाला तीन भोकांचा काळा कनेक्टर, ज्याला सी-थर्टीन म्हणतात. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मागे असते तीच, अगदी तीच. साधी घेतली तर दोनशे रुपयांच्या आसपास मिळते, ॲम्पच्या खोक्यात तर फुकटच असते. आणि "ऑडिओफाइल" म्हणून विकतात ती काही हजारापासून लाखापर्यंत जाते. वर जाळीदार कव्हर, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना, मनगटाएवढी जाडी. म्हणे बेस घट्ट होतो, आवाज मोकळा होतो, आणि गाण्याच्या मागची शांतता "काळी" होते. शांतता काळी कशी होते हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

प्रश्न: तुम्ही स्वतः कधी घेतलाय का, की नुस्तं बोलूलाय?

घेतलोय की. अठरा हजाराला. घरात सहा हजार सांगितलो. (हे वाचून घरात कळलं तर कळू दे, आता तीन वर्षं झाली.)

प्रश्न: मग फरक ऐकू आला की नाही?

आला. हेच तर सांगायचंय. पहिल्याच रात्री आला आणि चांगला ठणठणीत आला. कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावली होती, कुमारजी म्हणजे आपल्या सुळेभावीत जन्मलेले, आमच्या घरात वडिलांपासून ऐकतात, ती रेकॉर्ड मी कमीत कमी दोनशे वेळा ऐकली असेल. आणि त्या रात्री मला तंबोऱ्याची जव्हारी अशी वेगळी, सुटी ऐकू आली की मी उठून दिवा लावला. आवाज पुढे आल्यासारखा वाटला, श्वास घेतलेला कळला. मी शहापूरच्या एका मित्राला रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं की पैसे वसूल. मी खोटं बोलत नव्हतो, आणि जे लोक आज तुम्हाला असंच सांगतात तेही खोटं बोलत नाहीत, हे आधी डोक्यात घ्या म्हणजे पुढचं भांडण वाचेल.

प्रश्न: मग भानगड कुठे आहे?

भानगड ही की मला माहीत होतं कुठली केबल लावलीय. आमच्याकडे कामावर कोणी म्हणाला की "जॉब बरोबर वाटूलाय" तर आम्ही हसतो. वाटतंय म्हणजे काय, गेज लाव. अठरा वर्षं मी लोकांना हे सांगतोय आणि घरी येऊन स्वतः अठरा हजाराचा जॉब नुस्ता बघून पास केला. हे एक दिवस कामावर जेवणाच्या सुट्टीत लक्षात आलं आणि घास घशात अडकला म्हटलं तरी चालेल.

प्रश्न: डोळे झाकून टेस्ट कशी केली, सविस्तर सांगा.

सांगतो, कारण इथेच सगळे चुकतात.

माझा मेव्हणा खानापूरला वायरमन आहे. रविवारी दुपारी त्याला जेवायला बोलावलं. ॲम्प ज्या लाकडी रॅकवर आहे त्याच्यासमोर भिंतीच्या खिळ्याला एक आणि कपाटाच्या दाराला एक अशी दोरी बांधून चादर टाकली. मेव्हणा चादरीमागे. त्याच्याकडे दोन केबली, एक माझी अठरा हजाराची, एक पोराच्या कॉम्प्युटरची काढून आणलेली, तिच्यावर पांढऱ्या पेंटचे शिंतोडेसुद्धा होते. मी चादरीच्या अलीकडे खुर्चीत, माझ्याशेजारी मुलगी वही घेऊन. मुलीलाही माहीत नाही मागे काय चाललंय. हे महत्त्वाचं आहे, कारण ज्याला उत्तर माहीत आहे त्याचा चेहरा, खोकला, पाय हलवणं, सगळ्यातून उत्तर गळतं. लिहून घेणाऱ्या मुलीलाही माहीत नाही आणि मलाही नाही, याला डबल ब्लाइंड म्हणतात. मेव्हण्याला माहीत होतं, पण तो चादरीमागे, आणि त्याला सक्त ताकीद की तोंड उघडायचं नाही.

प्रत्येक वेळी तो एक रुपयाचं नाणं उडवणार, छापा आला तर महागडी, काटा आला तर कॉम्प्युटरची. स्वतःच्या मनानं अदलाबदल करायची नाही, कारण माणूस मनानं करायला गेला की एक आड एक करतो आणि ऐकणारा तो ठेका पकडतो. आणि नाण्यानं तीच केबल परत सांगितली तरी बटण बंद करायचं, पिन काढायची, परत घालायची, बटण चालू. म्हणजे दर वेळी खटखट तेवढीच, वेळ तेवढाच. व्हॉल्यूमच्या नॉबवर मी सेलोटेप चिकटवली होती, हात लागायलाच नको. गाणं तेच, पहिली दोन मिनिटं. सोळा वेळा. मध्ये दोनदा चहा.

पाचव्या वेळी मी खुर्चीत पुढे सरकलो, म्हटलं, "हीच, शंभर टक्के, लिही, तंबोरा बघ कसा उघडलाय." मुलीनं लिहिलं. सहावी, सातवी, आठवी या तीन वेळांना मी जे बोललो ते तिनं शब्दाला शब्द लिहून ठेवलंय, वही अजून आहे: "मोकळा", "जरा कोंदट, बंद", "परत मोकळा, तीच".

सोळा झाल्यावर मेव्हण्यानं आपला कागद बाहेर काढला. पाचव्या वेळी पेंटचे शिंतोडे असलेली कॉम्प्युटरची केबल होती. आणि सहा, सात, आठ? "भावोजी, तिन्ही वेळी काटाच आलता. मी काहीच बदललो नाही, नुस्तं पिन काढलो आणि तीच घातलो." म्हणजे एकाच दोनशे रुपयाच्या वायरचे मी तीन वेगवेगळे आवाज ऐकून वर्णनासकट सांगितले होते. सोळापैकी सात बरोबर. आमच्या दारातल्या कुत्र्यानं भुंकून उत्तरं दिली असती तरी आठ आली असती.

प्रश्न: म्हणजे तुमचे कान खराब आहेत असं नाही का?

असेलही, पन्नाशी आलीय, मशीनच्या आवाजात आयुष्य गेलंय. पण मग त्या पहिल्या रात्री याच खराब कानाला फरक ढळढळीत कसा ऐकू आला? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. आणि ही गोष्ट कानांची नाहीच. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी दाखवलं की आवाज "बा" चा आणि पडद्यावर ओठ "गा" चे असले तर माणसाला "दा" ऐकू येतो. डोळे मिटले की परत "बा". ट्रिक माहीत असूनसुद्धा थांबवता येत नाही. तर मग भारी केबल डोळ्यांना दिसतीय, खिशाला कळलीय, त्याचा कानावर काही परिणाम होणार नाही म्हणणं म्हणजे आपण माणूस नाही म्हणणं झालं.

वाजवणाऱ्या लोकांचंही तेच. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एका हॉटेलच्या खोलीत २१ व्हायोलिनवादकांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली, तीन नवी, तीन जुनी, जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस, ज्यांची किंमत कोटींत. खोलीत अंधुक उजेड आणि वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल! जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून हनुवटीच्या जागेला थोडं अत्तर. घरी कुठलं न्यायला आवडेल विचारल्यावर २१ पैकी १३ जणांनी नवीन व्हायोलिन निवडलं. वेल्डिंगचा गॉगल वाचून मला फार आपलं वाटलं, उद्यमबागेत शंभर मिळतील.

प्रश्न: पॉवर केबलीची अशी टेस्ट मोठ्या प्रमाणावर कोणी केलीय का?

केलीय. २००४ साली कॅलिफोर्नियात ऑडिओच्या शौकिनांनीच केली, म्हणजे केबलीवर विश्वास असलेली मंडळीसुद्धा त्यात बसली होती. हजारो डॉलरची पॉवर केबल विरुद्ध साधी. एकूण १४९ उत्तरं, त्यातली बरोबर ७३. नाणं उडवलं असतं तर साधारण ७४-७५.

२००७ साली जेम्स रँडी या जादूगारानं ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबली साध्या केबलीपासून कानानं ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा असं आव्हान दिलं होतं. ती टेस्ट झालीच नाही, बोलणी फिसकटली, म्हणून त्यावरून मी कुठल्याच बाजूनं काही सिद्ध झालं म्हणत नाही.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ऑडिओची नाहीच. १९०३ साली फ्रान्समध्ये ब्लाँडलो नावाच्या नावाजलेल्या शास्त्रज्ञानं नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं, नाव ठेवलं एन किरण. अंधाऱ्या खोलीत एक अंधुक ठिपका किंचित उजळतो, तो बघून ओळखायचे. बाकीच्यांनाही धडाधड दिसायला लागले. १९०४ मध्ये अमेरिकेचा रॉबर्ट वूड प्रयोगशाळा बघायला गेला आणि अंधारात त्यानं यंत्रातला ॲल्युमिनियमचा प्रिझम हळूच काढून खिशात घातला. प्रिझमशिवाय ते चालणंच शक्य नव्हतं. समोरचे मात्र आकडे वाचतच राहिले. माझी सहावी, सातवी, आठवी वेळ आठवा.

प्रश्न: पण वीज चांगली मिळाली तर आवाज चांगला होणारच ना? लॉजिक बरोबर वाटतं.

वाटतं बरोबर. जरा हिशोब करू, पेन्सिल घ्या.

एक स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. दीड मीटरची केबल, जाऊन-येऊन तीन मीटर, म्हणजे ०.०५ ओहमच्या आसपास. घरात ऐकताना ॲम्प समजा साठ वॅट ओढतोय, २३० व्होल्टला तो पाव अँपिअर झाला. म्हणजे साध्या केबलीत जाणारे व्होल्ट किती? ०.०१३. ॲम्प करंट सरळ ओढत नाही, सेकंदाला शंभर वेळा झटक्यानं ओढतो, म्हणून दसपट धरा, तरी ०.१३ व्होल्ट. आमच्या घरी स्टॅबिलायझरच्या डिस्प्लेवर संध्याकाळी सातला २०८ आणि पहाटे २४२ दिसतं. त्यात ०.१३ कुठे शोधणार?

आणि तुमच्या भिंतीतली वायर? मीटर बोर्डापासून हॉलपर्यंत पंधरा मीटर अडीच एमएमची वायर धरली तरी जाऊन-येऊन ०.२१ ओहम, म्हणजे त्या साध्या केबलीच्या चौपट. त्याच्या मागे गल्लीतला टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, त्याच्या मागे पोलाद घातलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा, काळी नदीवरून नाहीतर शरावतीवरून नाहीतर रायचूरच्या कोळशावरून शेकडो किलोमीटर आलेल्या. एवढं सगळं ॲल्युमिनियम पार करून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरमध्ये चांदीच्या तारेतून चालवायचं म्हणजे पावसाळ्यात चोर्ला घाटातनं चिखलात आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यात गालिचा अंथरण्यासारखं आहे.

यावर विश्वासवाले म्हणतात की ॲम्पच्या बाजूनं बघितलं तर केबल ही शेवटची नाही, पहिली आहे. ठीक आहे. पण ॲम्पच्या आत वीज जाते कुठे? ट्रान्सफॉर्मरमध्ये, मग ब्रिजमधून डीसी होते, मग हजारो मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठते, आणि गाणं त्या टाकीतल्या पाण्यावर चालतं. छतावर टाकी भरलेली असताना खालचा पाइप कुठल्या कंपनीचा आहे हे नळाला कळत नाही. काही केबलींत फेराइटचा मणी किंवा फिल्टर असतो, त्यानं वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा थोडा अडतो हे खरं, पण तो मणी वेगळा काही रुपयांना मिळतो, आणि ॲम्पच्या आऊटपुटला फरक दिसला तर त्याला अर्थ.

प्रश्न: बर्न-इन, बाणाची दिशा, ऑक्सिजन-फ्री कॉपर?

बर्न-इन: दोनशे तास वाजवल्यावर केबल "उघडते" म्हणतात. तांबं तेच राहतं, दोनशे तासांत तुम्हाला सवय होते आणि केबल परत करायची मुदत संपते.

बाण: काही केबलींवर कुठल्या दिशेनं लावायची ते दाखवणारा बाण छापलेला असतो. घरातली ५० हर्ट्झची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. बाण कुठल्या बाजूला लावू?

ऑक्सिजन-फ्री: साधं विजेचं तांबंसुद्धा ९९.९ टक्के शुद्ध असतं, हे ९९.९९. वीज वाहण्यात फरक एखाद्या टक्क्याचा. त्यापेक्षा वायर दीड मीटरऐवजी एक मीटरची घ्या, जास्त फायदा होईल.

प्रश्न: टेस्टचं टेन्शन येतं, त्यात बारीक फरक कळत नाही. आणि केबल बदलायला वेळ जातो तोवर कान विसरतो. हे बरोबर आहे ना?

दुसरं बरोबर आहे, आवाजाची बारीक आठवण काही सेकंदच टिकते. पण गंमत बघा, हेच लोक दुकानात केबल बदलायला तीन मिनिटं लागतात तेव्हा म्हणत नाहीत की कान विसरला. तिथे "रात्र आणि दिवसाचा" फरक असतो. रात्र आणि दिवस ओळखायला कोणाला टेन्शन येतं का?

तरी टेन्शनचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्याला उपाय आहे. दोन्ही केबलींवर एकसारखी कापडी नळी शिवून घ्या, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं गुंडाळा, वजनात फरक पडतो म्हणून हलक्या केबलीला आतून वजन बांधा, वर फक्त "अ" आणि "ब". हे काम तुम्ही करायचं नाही, बायकोनं, भावानं, कोणीतरी दुसऱ्यानं करायचं आणि लावायचंही त्यांनीच. मग एक आठवडा जी लागलीय ती ऐका, दुसऱ्या आठवड्याला ते नाणं उडवून ठरवतील. घाई नाही, परीक्षा नाही, रात्री दिवा मालवून आरामात. दर रविवारी वहीत लिहा कुठली होती. तीन महिने असं करा. माझ्या ओळखीत हे म्हटल्यावर आजवर एकानंही केलेलं नाही. टेन्शन टेस्टचं नसतं, निकालाचं असतं.

प्रश्न: किती वेळा बरोबर आलं तर पास म्हणायचं?

इथे चहाची गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाच्या ओळखीतली एक बाई म्हणाली की चहात दूध आधी घातलंय की नंतर हे मी चवीवरून सांगते. फिशरनं १९३५ च्या पुस्तकात त्याचा प्रयोग मांडलाय: आठ कप, चारांत दूध आधी, चारांत नंतर, क्रम उलटसुलट. नुस्त्या अंदाजानं सगळे बरोबर यायची शक्यता ७० मध्ये एक.

केबलीला दहा वेळा केली तर नऊ हवेत, अंदाजानं नऊ किंवा जास्त यायची शक्यता टक्काभरच आहे. आठ आले तर ते साडेपाच टक्के, म्हणजे मन लावून परत घ्या. सोळा वेळा केली तर बारा, तिथे चार टक्क्यांहून थोडी कमी. पण किती वेळा करायची हे आधी ठरवा. मनासारखं येईस्तोवर करत राहायचं आणि आलं की थांबायचं, हे नाही चालणार.

आणि एक सापळा. वीस मित्र जमले, प्रत्येकानं दहा वेळा केली, त्यात एकाचे आठ बरोबर आले, की लगेच "त्याचे कान सोन्याचे". वीस जणांत निव्वळ नशिबानं निदान एकाचे आठ किंवा जास्त यायची शक्यता तीनात दोन आहे. त्याला परत बसवा. आपल्याकडे बोअर मारायच्या आधी हातावर नारळ घेऊन पाणाड्या शेतात फिरतो ना, त्याचं लागलेलं पाणी गावभर होतं आणि कोरड्या गेलेल्या बोअरचं नाव कोणी काढत नाही, तसंच हे. मी पाणाड्याला शिव्या देत नाही, आमच्याही शेतात आणला होता वडिलांनी. बोअर कोरडी गेली.

प्रश्न: माझ्या घरी मात्र केबल बदलल्यावर खरंच खरखर गेली. ती काय कल्पना आहे?

नाही, ही खरी असू शकते. आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे काहीतरी सापडतं.

एक, जुनी पिन वर्षानुवर्षं सॉकेटमध्ये बसून काळी पडलेली असते, लूज कनेक्शन, आत कार्बन. तुम्ही ती उपसून नवीन घातली, घासली गेली, कॉन्टॅक्ट साफ झाला, खरखर गेली. जुनीच केबल चारदा आत-बाहेर केली असती तरी गेली असती. करून बघा. सॉकेट गरम लागत असेल तर मात्र केबलीचं सोडा, सॉकेट बदला, आग लागते त्यानं.

दोन, बाजारात स्वस्तातल्या काही केबली अशा येतात की बाहेरून तीन पिना आणि आत दोनच वायरी, अर्थिंगची वायरच नाही. मी अशी एक कापून बघितलोय. ॲम्पच्या लोखंडी बॉडीवरून हाताची मागची बाजू हळूच फिरवली की झिणझिण्या येतात, त्याचं एक कारण हे. मल्टीमीटरनं दोन्ही टोकांची अर्थ पिन तपासा, दोन मिनिटांचं काम, केबल भिंतीतून काढून.

तीन, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ब्लेडनं एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर कचऱ्यात.

म्हणजे वाईट केबल असते. पण वाईट केबल टाकून चांगली साधी घ्यायला तीनशे रुपये पुरतात. त्यापुढचे सतरा हजार सातशे कशाचे, हा प्रश्न आहे.

प्रश्न: गुंईं असा आवाज येतो, भारी केबलीनं जाईल का?

नाही जाणार. बहुतेक वेळा ते अर्थिंगचं दुखणं असतं, नाहीतर ॲम्प एका बोर्डावर आणि कॉम्प्युटर दुसऱ्या बोर्डावर, दोन्हीकडून अर्थ मिळून गोल तयार होतो, त्यात गुंईं शिरते. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणून बघा आधी. काहीजण अर्थची पिनच तोडून टाकतात, गुंईं जाते हे खरं, पण उद्या आत फॉल्ट झाला तर ॲम्पला हात लावणारं पोर जाईल. तसलं करू नका.

माझ्या घरी अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत व्हायचा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर बारा-तेरा व्होल्ट दाखवायचा. मेव्हण्याबरोबर गोकाककडचा एक कन्नड वायरमन आला होता, त्यानं कोळसा-मीठ बदललं, पाणी ओतायला पाइप बसवला, आणि जाताना माझी ती जाडजूड केबल उचलून म्हणाला, "इदराग एन ऐत्री?" म्हणजे ह्यात आहे काय एवढं? मी किंमत सांगितली. त्यानं ती दोन्ही हातांनी, देवाच्या पादुका ठेवाव्यात तशी परत ठेवली. खड्ड्याचा खर्च अडीच हजार, मजुरीसकट. त्यानंतर मीटर दोन व्होल्टवर आला आणि गुंईं गेली. हा फरक पाहुण्यांनासुद्धा न सांगता कळला.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर घरघरतो का? तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. साइन वेव्हचा घ्या. याला केबलीचा काहीही इलाज नाही.

प्रश्न: निपाणी-बेळगावचे डॉल्बीवाले जाड केबल वापरतात, ते काय खुळे आहेत?

अजिबात नाही, ते शहाणे आहेत, कारण त्यांचा हिशोब वेगळा. गणपतीत जनरेटर गल्लीच्या तोंडाला आणि ॲम्प पन्नास मीटरवर ट्रॉलीत. एक एमएमच्या वायरीनं दहा अँपिअर ओढला तर जाऊन-येऊन शंभर मीटरमध्ये सतरा-अठरा व्होल्ट गळतात आणि वायर तापते. तिथे जाडी हवीच. पण ते चार किंवा सहा एमएमची साधी तांब्याची केबल घेतात, मीटरवर मोजून, जाळीचं कव्हर घेत नाहीत.

प्रश्न: दुकानात डेमो दिला तेव्हा तर मला स्पष्ट ऐकू आला.

व्हॉल्यूमला कोणी हात लावला होता का ते आठवा. अर्धा-एक डेसिबल जास्त असलं तर माणसाला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. म्हणून नीट टेस्टमध्ये आवाज ०.१ डेसिबलपर्यंत जुळवतात. शिवाय "आता बेस ऐका हं" म्हटलं की आपण बेसच ऐकतो, आणि तो आधीही तिथेच असतो. मी जिथून घेतली त्या माणसानं मला फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या घरीसुद्धा तीच केबल होती.

प्रश्न: मग पैसे कुठे घालू?

स्पीकर. खोली. अर्थिंग. फरशीवर जाड सतरंजी टाका, भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा, स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढा. हे शेवटचं फुकट आहे आणि याचा फरक चादर न लावताही कळतो, लावूनही कळतो.

प्रश्न: माझ्या काकांनी चाळीस हजाराची घेतलीय, खूष आहेत. त्यांना सांगू का?

घेऊन झालीय तर कशाला सांगताय, आनंदानं ऐकू देत. दुसरी घ्यायला निघाले आणि पैसे काढायला एफडी मोडणार असतील तर मात्र रविवारी जेवायला बोलवा आणि चादर धुऊन ठेवा. "काका तुम्ही फसलाय" असं म्हणू नका. "काका, मला ऐकू येत नाही, तुम्ही जरा ओळखून दाखवा" म्हणा. आणि खरंच सोळापैकी पंधरा ओळखले तर मला फोन करा, मी कुंदा घेऊन येतो आणि हे सगळं पान खोडतो.

प्रश्न: तुमची ती अठरा हजाराची केबल आता कुठाय? विकलात काय?

विकायला काढली होती. एकजण आला, हातात घेऊन बघितली, वजन बघितलं, मग विचारलं, "आवाजात कितपत फरक पडतो ओ मामा?" आता काय सांगणार. म्हटलं चहा घ्या.

पोराच्या कॉम्प्युटरला लावलीय. एवढी जाड आहे की वाकतच नाही, टेबल जरा हललं की मागून निसटते, म्हणून खाली एक वीट लावलीय टेकू द्यायला. परवा त्याची ऑनलाइन परीक्षा चालू असताना निसटली. पेंटचे शिंतोडेवाली परत मागतोय.